आंगडिया आणि तीस मिलिसेकंद

न्यू जर्सीतल्या मावसभावाने दिलेला पहिल्या पिढीतला एक्सबॉक्स माझ्याकडे पुण्यात आहे. अमेरिकेतला, म्हणजे ११० व्होल्टचा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय चालत नाही, आणि तो ट्रान्सफॉर्मर कन्सोलपेक्षा जास्त गुरगुरतो. या यंत्राची ऑनलाइन सेवा मायक्रोसॉफ्टने १५ एप्रिल २०१० रोजी बंद केली. मागे उरली ती सिस्टिम लिंक: दोन कन्सोल एका खोलीत केबलने जोडा आणि ‘हेलो’ खेळत बसा. आमची खोली मात्र पुणे ते एडिसन एवढी लांब.

‘एक्सलिंक काई टाक, होतं,’ दादा फोनवर म्हणाला. काई हे टनेलिंगचं सॉफ्टवेअर. तुमच्या घरच्या लॅनवरचं बोलणं उचलायचं, इंटरनेटवरून दुसऱ्याच्या लॅनवर नेऊन सोडायचं, आणि दोन्ही कन्सोलना शेजारीच बसल्याच्या भ्रमात ठेवायचं. पोटापाण्यासाठी नेटवर्किंगच करत असल्याने माझा विश्वास बसेना. एक्सबॉक्स आपलं सगळं बोलणं एन्क्रिप्ट करतो. ते न उलगडता हे सॉफ्टवेअर नेणार काय?

लॅपटॉपवर वायरशार्क लावला आणि ‘हेलो २’ सुरू केला. पॅकेट पडायला लागली: पाठवणारा ०.०.०.१, घेणारा २५५.२५५.२५५.२५५, यूडीपी, पोर्ट ३०७४. ०.०.०.१ हा काही शहाण्यासुरत्या घरातला आयपी पत्ता नव्हे. राउटर त्याला दारातही उभं करणार नाही, आणि सिस्टिम लिंक घराबाहेर जाऊ नये म्हणूनच ही सोय असावी असं मला वाटतं. आतला मजकूर पूर्ण अगम्य. प्रत्येक गेमच्या सर्टिफिकेटमध्ये एक लॅन की असते. तोच गेम समोरच्या कन्सोलवर चालू असेल तर त्याला ही हाक कळते, बाकीच्यांना नुसता खडखडाट. काईकडे ती की नाही.

आणि तिची त्याला गरजही पडत नाही. आंगडियाला पाकिटात हिरे आहेत की चिठ्ठी, याच्याशी कर्तव्य नसतं. नाव बघायचं आणि पोचवायचं. काई आयपीच्या भानगडीत न पडता एक पायरी खाली, थेट इथरनेटच्या फ्रेमवर काम करतो. ००:५०:एफ२ ने सुरू होणारा मॅक ॲड्रेस दिसला की ओळखतो, हा मायक्रोसॉफ्टच्या हार्डवेअरचा. मग अख्खी फ्रेम सीलसकट उचलून आपल्या यूडीपी पॅकेटमध्ये घालतो आणि पलीकडच्या काईकडे पाठवतो. तो ती जशीच्या तशी तिथल्या केबलवर सोडतो. कुठला मॅक कुणाच्या घरात आहे हे तो लक्षात ठेवतो, साध्या स्विचसारखंच. इथे लॅपटॉपला दुसऱ्याच्या मॅकने फ्रेम सोडायची असते. बरीचशी वायफाय कार्डं त्याला तयार होत नाहीत, म्हणून केबल लावलेली बरी.

कुलूप न उघडण्याची ही युक्ती कुठे अडते ते एक्सबॉक्स ३६० ने दाखवलं. त्यात सिस्टिम लिंकला ३० मिलिसेकंदांची अट आहे. समोरच्याकडून उत्तर त्याच्या आत आलं नाही, तर जोडणी नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटर, म्हणजे केबल रेषेत टाकली तरी जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद. समुद्रातल्या केबली सरळ जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात दोनशेच्या वर. माझ्या डोक्यात लगेच आलं, काईनेच इथल्या इथे ‘हो, आलो’ असं खोटं उत्तर दिलं तर? पण उत्तरावर समोरच्या कन्सोलची सही लागते, आणि की नसलेला सही कशी ठोकणार? ज्यांनी ही अट काढली त्यांनी ती मॉड केलेल्या कन्सोलच्या आतच काढली, वाटेत नव्हे. मी माझ्या ३६० ला हात लावला नाही.

३६० वर मग नागपूरचा मित्र. अंतर काहीच नाही, तरी सुरुवातीला जोडणी होईना. माझ्या राउटरचा बाहेरचा पत्ता १००.६४ ने सुरू होणारा निघाला. म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीने अनेक घरांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे कोंबलेलं. बाहेरून कुणी माझं दार वाजवलं तर कंपनीलाच ते कुणाचं दार ते कळत नाही. फोन केला तर, ‘सर, राउटर रिस्टार्ट करून पाहिलात का?’ शेवटी मित्राने त्याच्या राउटरवर काईचा ३०००० पोर्ट उघडला. त्याच्याकडे स्वतःचा पब्लिक आयपी होता, आणि एका बाजूचं दार उघडं असलं की काईचं भागतं. त्या रात्री ‘हेलो ३’ अगदी बिनतक्रार चालला.

दादाबरोबर अजून जुन्याच एक्सबॉक्सवर खेळतो, त्यात ती तीसची अट नाही. पहिला ‘हेलो’ २००१ चा, एका घरातल्या लॅनच्या हिशोबाने लिहिलेला. त्यात मी पुढे जायचं बटण दाबतो आणि माझा माणूस जरा विचार करून पाऊल टाकतो. ‘हेलो २’ ऑनलाइनसाठीही बनवलेला असल्याने उशीर बराच पचवतो. तरीही ज्याच्या कन्सोलवर गेम होस्ट होतो त्याची गोळी आधी लागते. त्यामुळे आमचं खरं भांडण होस्ट कोण होणार यावर होतं, आणि कन्सोल मी दिलाय हा मुद्दा दादा दर वेळी काढतो.