पडद्यावरचं वय

इगतपुरी. दिवसभर पाऊस, कसारा घाट धुक्यात. संध्याकाळी टीव्हीवर १९९०चा ‘अग्निपथ’ लागला. अमिताभची आई रोहिणी हट्टंगडी, वयानं त्याच्याहून लहान! ‘सारांश’मध्येही (१९८४) ऐन तारुण्यात म्हातारी पार्वती. नाट्यगुरू इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकलेल्या, ‘गांधी’तल्या कस्तुरबांसाठी बाफ्टा मिळवलेल्या या बाई आमच्या गल्लीत मात्र ‘चार दिवस सासूचे’मधल्या सासूबाईच. २००१ पासून अकरा वर्षं, तीन हजारांहून अधिक भाग! मालिकांना नाकं मुरडणाऱ्यांना विचारावंसं वाटतं, तीच घरंदाज बाई रोज उभी करायची आणि कंटाळा चेहऱ्यावर उमटू द्यायचा नाही, हे काय सोपं आहे? पुढं ‘होणार सून मी ह्या घरची’त त्या आईआजी झाल्या. तेव्हा कुठं पडद्यावरचं वय खऱ्या वयाच्या जवळ आलं.