लिखाणाचाही जमाखर्च

आमच्या घरी बियाण्याच्या नि खताच्या पावत्या खुंटीवरच्या पिशवीत असतात. मी कथा लिहू लागले, तशी शेजारी दुसरी पिशवी टांगली. सासूबाई म्हणाल्या, "कागद काळे करायला कसला गं हिशेब?"

हिशेब असतो, भगिनींनो. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणून आपल्या घरांत त्या कायद्याची ओळख कमी. पण कथेचे मानधन हे शेतीचे उत्पन्न नव्हे; शेतकरणीने लिहिले म्हणून ते करमुक्त होत नाही. मात्र ते मिळवण्यासाठी झालेला खर्च त्यातून वजा करता येतो: कागद, टपाल, टंकलेखन, माहिती गोळा करायला केलेला एस.टी.चा प्रवास. खर्च त्या कामासाठीच झालेला हवा नि पावती जवळ हवी. घरच्या फोनचे सगळे बिल त्यात घालता येत नाही.

पुस्तकाच्या रॉयल्टीवर, जुनी करपद्धत निवडल्यास, काही अटींवर ३ लाख रुपयांपर्यंत वेगळी वजावट आहे. शालेय पाठ्यपुस्तके, गाईडे नि नियतकालिके तिच्यात बसत नाहीत.

माझे मानधन इतके थोडे, की कर लागतच नाही. तरी मी वही ठेवते. ज्या कामाचा जमाखर्च असतो, त्यालाच घरात काम म्हणतात. बाकीचा तो रिकामपणाचा उद्योग. वही पाहिल्यापासून यांनी दुपारचा एक तास मला मोकळा करून दिला आहे. स्वतःच्या वेळेची किंमत कायद्यात खर्च म्हणून धरत नाहीत. घरात मात्र ती आता धरली जाते.