सुट्टीचा वार ठरलेला हवा

भिवंडीत यंत्रमागांची साप्ताहिक सुट्टी शुक्रवारी. माग थांबले की विणकर बिस्सीत, म्हणजे त्यांच्या खानावळीत, जेवून ताणून देतात, कपडे धुतात, नमाजाला जातात, गावाकडे फोन लावतात. मी माग दुरुस्त करतो. चालत्या मागात हात घालता येत नाही, म्हणून शुक्रवारी सगळ्या शेठची कामं एकदम माझ्या अंगावर येतात. झिजलेला पिकर बदलायचा, धोटा कुठे अडतो ते बघायचं, सांध्यांत साचलेला सुताचा कचरा ब्रशने काढून तेल द्यायचं. रविवारी पोरीची शाळा बंद असायची, पण माग चालू, म्हणून माझा फोनही चालू. वर्षानुवर्षं माझा असा सुट्टीचा वारच नव्हता.

कंबर धरली तेव्हा बायको म्हणाली, “अहो, मागालासुद्धा आठवड्यातून एकदा थांबवून तेल देतात. तुम्हाला कोण देणार?”

त्या दिवशी रविवार पक्का केला. पण नुसतं मनात ठरवून भागत नाही, धंद्यात तशी सोय लावावी लागते. पद्मानगरात माझा एक जोडीदार मेकॅनिक आहे. त्याच्याशी बोललो. रविवारी माझे फोन त्याने घ्यायचे, सोमवारी त्याचे मी. शनिवारी संध्याकाळी सगळ्या कारखान्यांत एक फेरी मारायची आणि जे बिघडेलसं वाटतं ते आधीच आवळून ठेवायचं. एक शेठ अडून बसले. “एवढा रविवार ये, दुप्पट देतो.” पोरीची फी भरायची होती, पैसे हवेच होते. तरी म्हणालो, “शेठ, जोडीदार येईल, काम अडणार नाही.” हळूहळू त्यांनाही सवय झाली. आता ते शनिवारीच हाक मारतात.

रविवारी फोन कपाटात असतो. उशिरा उठतो, मटण मी आणतो, संध्याकाळी आम्ही तिघं वऱ्हाळादेवीच्या तलावावर जातो. पोर आठवडाभराचं सगळं तिथे सांगते. सोमवारी हातात पाना घेतला की डोकं ताजं असतं, बिघाड लवकर सापडतो.

ठरलेल्या वाराची ही रीत जुनीच आहे. आपल्या कोकणात बेने इस्रायली ज्यू लोक पिढ्यान् पिढ्या तेलाचे घाणे चालवत. शनिवारी त्यांचा शब्बाथ, म्हणजे विश्रांतीचा वार, घाणे बंद. म्हणून लोक त्यांना शनवार तेलीच म्हणत. सगळा समाज एका दिवशी थांबायचा, त्यामुळे त्या दिवशी तेल मिळणार नाही हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असायचं. मुंबईच्या गिरण्यांत मात्र ही सुट्टी भांडून मिळवावी लागली. कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन दिलं, त्यात रविवारच्या सुट्टीची मागणी होती. रविवार हा खंडोबाचा वार, हेही त्यांनी ठासून मांडलं. एप्रिल 1890 मध्ये हजारो कामगार सभेला जमले आणि 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी ती सुट्टी मान्य केली. एखाद्या कामगाराने एकट्याने मागितली असती तर त्याला दुसऱ्या दिवशी कामावरून काढलं असतं.

आमच्या विणकरांचं दुखणं वेगळं आहे. त्यांची मजुरी विणलेल्या कापडाच्या मीटरवर. माग बंद तर मजुरी बंद. ऑर्डर तुंबली की कुणी शुक्रवारीही माग सुरू करायला सांगतो आणि पैशाच्या ओढीने विणकर उभा राहतो. त्याला नाही म्हणणं परवडत नाही.

म्हणून मालकांना माझी हात जोडून विनंती आहे: ऑर्डर कितीही असो, शुक्रवार मोडू नका, आणि त्या दिवसाची थोडी तरी मजुरी विणकराच्या हातात पडेल असं बघा. आणि माझ्यासारखं स्वतःच्या हिमतीवर काम करणाऱ्यांनो, आजच एक जोडीदार गाठा, एकमेकांचा वार सांभाळा. उरलेल्या वेळात विश्रांती घेऊ म्हणाल, तर तो वेळ कधीच उरत नाही.