खाटेखालच्या विटा

मामांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, अन्ननलिकेत कॅन्सरच्या गाठीमुळे जाळी (स्टेंट) टाकली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटीभर पेज सुखाने गिळली. त्याआधी पाण्याचा घोटही परत येत होता. जाळीने कॅन्सर बरा होणार नाही, ती फक्त गिळता यावं म्हणून आहे, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तरीही वाघोलीची गर्दी ओलांडून शिक्रापूरला घरी येताना सगळ्यांचे चेहरे उजळले होते.

त्याच रात्री मामा दचकून उठले. तोंडात आंबट-कडू पाणी, नाकात जळजळ, खोकल्याची न थांबणारी उबळ. आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, पाठ चोळत बसल्या.

सकाळी फोनवर डॉक्टरांनी कारण सांगितलं. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक वळं असतं. घास गेला की ते मिटतं आणि जठरातलं आम्ल खालीच राहतं. मामांची गाठ नेमकी तिथेच, त्यामुळे जाळीचं खालचं टोक जठरात उतरलेलं. धातूच्या जाळीने ते वळं कायम उघडं धरलं होतं. आडवं झालं की आम्ल सरळ वर. गाठ वरच्या भागात असती तर हा त्रास एवढा झाला नसता. झडप असलेल्या जाळ्याही मिळतात, पण त्यांचा फायदा सगळ्या अभ्यासांत सारखा दिसलेला नाही.

आम्ही आधी दोन उशा दिल्या होत्या. त्याने मान वाकडी होते, पोट दुमडतं आणि आतला दाब उलट वाढतो. डॉक्टर म्हणाले, अख्खी खाट उतरती करा. बांधकामातल्या उरलेल्या विटा होत्या. डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन ठेवल्या, साधारण सहा इंच उंची आली. मामा पायथ्याकडे घसरायचे, म्हणून पायाशी गोधडीची गुंडाळी लावली. डाव्या कुशीवर झोपायची सवय केली. धोतराची गाठ आत्यांनी सैल बांधायला लावली.

जेवणाची वेळ बदलणं सगळ्यांत अवघड गेलं. धारा, डेअरी, मग जेवण. आमच्याकडे ताट वाढायला नऊ वाजायचेच. मामांचं ताट आता दिवेलागणीला, आणि त्यानंतर तीन तास आडवं व्हायचं नाही. ते ओट्यावर बसून हरिपाठ ऐकत. दिवसातून थोडं थोडं, सहा वेळा खाणं. बाजरीची भाकरी पापुद्रा काढून दुधात कुस्करलेली, पालेभाजीचे देठ काढलेले, काळ्या मसाल्याची तर्री बंद. शेवटी कोमट पाण्याचे चार घोट, म्हणजे जाळीत काही अडकून राहत नाही. भेटायला येणारे पाहुणे मायेनेच "अजून एक घास घ्या" म्हणत. त्यांना मी हात जोडून थांबवत असे. अशा माणसाला आग्रह करू नये, हे माझं ठाम मत आहे.

आम्ल कमी करणारी गोळी सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी. गिळायला सोपी जावी म्हणून आत्या ती खलबत्त्यात कुटायला निघाल्या, तेव्हा औषध दुकानदाराने अडवलं. या गोळीचं वरचं आवरण मोडलं की जठरातलं आम्लच औषध निकामी करतं. डॉक्टरांनी मग पाण्यात मिसळून घ्यायचं औषध लिहून दिलं.

जळजळ पूर्ण गेली नाही. पण मामा रात्री झोपू लागले, आणि उरलेल्या दिवसांत त्यांना त्याचीच गरज होती. आम्ल श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून रात्रीच्या खोकल्यानंतर ताप किंवा धाप आली, छातीत जोराची कळ आली, शौच काळं झालं किंवा घास अचानक अडू लागला तर सकाळची वाट पाहू नका.

घरी सोडताना मिळालेल्या कागदावर गोळ्यांची नावं होती, खाटेबद्दल एक ओळही नव्हती. तुमच्या घरी कुणाला जाळी टाकणार असतील, तर ती वळ्याच्या आरपार जाणार आहे का, हे आधीच विचारा, आणि झोपायचं कसं, जेवायचं कधी, हे लिहून घेतल्याशिवाय दवाखान्यातून निघू नका.