बसून दिलेला ठोका

जेफ्री टेट यांना जन्मतःच स्पायना बिफिडा होता. पाठीला मोठा बाक, डाव्या पायात जोर कमी. केंब्रिजमध्ये वैद्यकशास्त्र शिकून ते लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात डॉक्टर झाले. मग ते सोडून १९७०च्या सुमारास लंडनमधल्याच कॉव्हेंट गार्डनच्या ऑपेरागृहात गायकांच्या तालमी घेऊ लागले आणि १९८६मध्ये तिथलेच प्रमुख कंडक्टर झाले. उंच स्टुलावर बसून संचालन करायचे. ही कथा जिद्दीची म्हणून सांगणं सोपं आहे. आपल्याकडे तर अशा माणसाच्या खांद्यावर सत्काराची शाल आधी पडते, रॅम्प नंतर येतो, आला तर. (लंडनने फार मिरवू नये, कॉव्हेंट गार्डनच्या भुयारी स्टेशनात लिफ्ट असूनही फलाटापर्यंत पायऱ्या आहेतच.) पण जिद्दीच्या कथेत कामाचं स्वरूपच हरवतं. गायिका श्वास कुठे घेणार, पितळी वाद्यं किती दाबायची, हे कंडक्टर तालमीत ठरवतो. प्रयोगात लागतात ते तयार कान आणि वादकांना स्पष्ट कळणारा ठोका. उभं राहणं हा मैफलीच्या व्यासपीठावरचा दिमाख. ऑपेरात कंडक्टर रंगमंचापुढच्या खड्ड्यात असतो, प्रेक्षकांना दिसलं तर डोकं दिसतं.

यावर कोणी म्हणेल, वाग्नरच्या ऑपेराचा प्रयोग पाच-पाच तास चालतो, शरीराने मध्येच दगा दिला तर? शंका रास्त आहे. पण धडधाकट कंडक्टरही ऐनवेळी तापाने पडतात, म्हणून मोठी ऑपेरागृहं सहायक तयार ठेवतात. १९७६ साली जर्मनीत बायरॉइटला वाग्नरच्याच ‘रिंग’च्या शताब्दी प्रयोगांत पिएर बुलेझ यांचे सहायक म्हणून टेट स्वतःच होते. कंडक्टर ओटो क्लेम्पेरर यांचं उदाहरण तर याहून कठीण. १९३९मध्ये मेंदूतल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली, उजवी बाजू अधू झाली. तरी १९६१मध्ये त्यांनी कॉव्हेंट गार्डनला ‘फिडेलिओ’ या ऑपेराचं संचालनच नव्हे, दिग्दर्शनही केलं. त्यांच्या उत्तरकाळातल्या संथ लयीचं खापर काहीजण पक्षाघातावर फोडतात. मला हे पटत नाही. संथ लय शेवटपर्यंत ताणून धरायला उलट जास्त ताबा लागतो.

खरा पेच न्यूयॉर्कचे कंडक्टर जेम्स लेव्हाइन यांचा. पाठीच्या दुखापतीनंतर २०१३मध्ये ते चाकाच्या खुर्चीतून परतले आणि तिथल्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने त्यांच्यासाठी खास चौथरा केला. हे योग्यच झालं. पण पार्किन्सनने हात कापू लागले, ठोका कळेना अशी वादकांची तक्रार बाहेर आली आणि २०१६मध्ये त्यांनी संगीत संचालकपद सोडलं. (पुढे २०१८मध्ये लैंगिक गैरवर्तनाच्या आरोपांच्या चौकशीनंतर संस्थेने त्यांच्याशी संबंध तोडले, तो विषय वेगळा.) इथे माझा मुद्दा मोडत नाही, नेमका होतो. खुर्ची, चौथरा, सहायक ही संस्थेची जबाबदारी. ठोका कळतो की नाही, हे सांगायचा अधिकार मात्र समोर वाद्य घेऊन बसलेल्यांचा, आणि तो त्यांनी कंडक्टर कितीही थोर असला तरी वापरावा. टेट यांच्या बाबतीत हा प्रश्न पाठीच्या बाकामुळे उद्भवत नव्हता. २०१७मध्ये मृत्यू आला तेव्हाही ते हॅम्बर्गच्या सिंफनी वाद्यवृंदाचे प्रमुख कंडक्टर होते.