एक कप्पा

यंदा दिवाळीपूर्वी जळगावच्या आमच्या घरातली निजण्याची खोली रंगवायची ठरली. २० वर्षांपूर्वी मी हौसेने दिलेला गर्द हिरवा रंग दिवसाही अंधार पाडतो, हे सौभाग्यवतींचे मत. रंगाऱ्यानेही तिचीच बाजू घेतली. खोली लहान, तेव्हा भिंती फिकट पिवळ्या आणि छत पांढरे असावे. म्हणजे आहे तो उजेड खोलीभर पसरतो.

प्रश्न उरला माझ्या कागदांचा. कपाट, माळा, पलंगाखालची ट्रंक, सगळीकडे माझीच दप्तरे! मी इतिहासाचार्य राजवाड्यांचा दाखला दिला. त्यांनी गावोगावचे जुने कागद धुंडाळले नसते, तर ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड कुठून निघते? १९२६ साली ते धुळ्यात वारले आणि १९२७ मध्ये तिथेच त्यांचा संग्रह जपायला संशोधन मंडळ उभे राहिले.

“खरं आहे,” धुळ्याचीच माहेरवाशीण ती, शांतपणे म्हणाली, “पण अहो, राजवाडे विधुर होते. घरात त्यांना कुणाची लुगडी ठेवायची नव्हती.”

खोली रिकामी करताना दाराआडून तिची सूटकेस निघाली. लग्नात धुळ्याहून आणलेली. तिच्या साड्या अजून तीतच होत्या. इतकी वर्षे ही बाई स्वतःच्या घरात पाहुण्यासारखी राहिली होती, आणि मी वर्गात मुलांना संसाराच्या कविता शिकवीत होतो!

निम्मे कागद रद्दीत गेले. सुताराने भिंतभर, छतापर्यंत कपाट केले. त्यात माझा एक कप्पा आहे. पुरतो.

सूटकेस आता माळ्यावर आहे. रिकामी.