दीड इंचाचा फरक

दसऱ्याला आपण मोटारीची पूजा करतो. झेंडूची माळ बॉनेटला घालतो, हळदकुंकू चाकाला लावतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. पाट्याकडे मात्र कोणी ढुंकूनही पाहत नाही. वास्तविक गाडीचा आणि गाडीतल्या माणसांचा सारा भार पेलायचा तो या पाट्यांनी. पण त्यांची जागा खाली, चिखलात. जमिनीवर उताणे पडल्याशिवाय त्यांचे दर्शन घडत नाही.

मला ते दर्शन २०२४ च्या श्रावणात घडले. माझे थोरले बंधू भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या पाण्यामागच्या एका वाडीत राहतात. शेती आहे, चार म्हशी आहेत आणि जीपच्या वंशातला, चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारा एक लहानसा ट्रक आहे. त्यात सकाळी दुधाचे कॅन असतात, दुपारी खताची पोती आणि पावसाळ्यात रात्री-अपरात्री वाडीतले एखादे आजारी माणूस. डांबरी रस्ता वाडीच्या तीन किलोमीटर अलीकडेच संपतो. पुढची वाट दगडधोंड्यांची, मध्ये एक ओढा. पाऊस लागला की तिथे दुसरे वाहन यायला धजत नाही. त्यामुळे दादाच्या ट्रकची प्रकृती हा साऱ्या वाडीच्या काळजीचा विषय आहे.

ती प्रकृती बिघडल्याचे पहिल्यांदा ओळखले वहिनींनी. ओसरीवरून ट्रककडे बोट दाखवीत त्या म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच सांगा, गाडी डावीकडे कलली आहे की नाही?"

"अंगणच तिरकं आहे," दादा म्हणाला.

दादाचे हे जुने शास्त्र आहे. गुडघा दुखला की पायऱ्या उंच बांधलेल्या असतात आणि ऐकू आले नाही की माणसे पुटपुटत असतात.

"अंगण तीस वर्षं तेच आहे," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

एरवी हा विषय तिथेच संपला असता. पण शेजारच्या घरातली लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. आठवा महिना सरत आला होता. तिला भोरला न्यायची वेळ येईल तेव्हा गाडी हीच असणार होती आणि ती वेळ काही पंचांग पाहून येणार नव्हती. वहिनींनी आतून एवढेच बोलून दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे भोरला पाट्याचे काम करणाऱ्या एका मिस्त्रींच्या दारात उभे होतो.

मिस्त्री साठीच्या घरातले, मोजके बोलणारे. ते आल्याबरोबर पाना उचलतील असे मला वाटले होते. त्यांनी पाण्याची नळी उचलली. "चिखलाखालचं देवालाही दिसत नाही, सर," ते म्हणाले. ट्रकचे पोट स्वच्छ धुतल्यावर त्यांनी तो सपाट फरशीवर उभा केला आणि टेप काढली. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत उजवीकडे १९ इंच भरले, डावीकडे साडेसतरा. मग दोन्ही बाजूंना पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर मोजले. ते सारखे निघाले. "एक्सल जागा सोडून सरकलेला नाही. नशीब," मिस्त्री म्हणाले.

इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने स्प्रिंगचा नियम १६७८ साली प्रसिद्ध केला: जितका भार, तितका वाक. मिस्त्रींना हुक ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण भार तोच असताना एक बाजू दीड इंच अधिक वाकते, म्हणजे तिथले कोणीतरी काम सोडून बसले आहे, हे त्यांनी टेपवरून ताडले.

पाटा म्हणून आपण ज्याला म्हणतो ती पोलादी पट्ट्यांची चळत असते. सर्वांत लांब तो मुख्य पाटा. त्याची दोन्ही टोके गोल वळवून, त्यांत बुश घालून चासीला अडकवलेली असतात. त्याच्याखाली एकाहून एक आखूड पाटे. मधोमध सगळ्यांतून आरपार एक सेंटर बोल्ट आणि साऱ्यांना एक्सलशी आवळून धरणारे दोन यू बोल्ट. खड्डा आला की ही सगळी मंडळी मिळून वाकतात आणि मिळून सरळ होतात.

मिस्त्रींनी पहार घालून बुश हलवून पाहिले, चासीखाली घोडी लावली आणि डावी चळत उतरवली. बोल्ट निघताच वरून दुसरा पाटा दोन तुकड्यांत हातात आला. तुटल्या जागेचा अर्धा भाग घासून गुळगुळीत आणि काळा पडलेला होता, उरलेला खरखरीत, नुकत्या गंजाने तांबूस झालेला. मिस्त्रींनी त्या काळ्या भागावर बोट ठेवले. "तडा इथे पहिल्यांदा गेला. कैक महिने झाले असतील. बाकीचा परवा-तेरवा तुटला."

इतके दिवस त्याच्या वाट्याचा भार वरच्या आणि खालच्या पाट्यांनी आपसांत वाटून घेतला होता. आवाज नाही, तक्रार नाही.

"एवढंच ना? वेल्डिंग मारून टाका," दादा म्हणाला.

मिस्त्रींनी मान हलवली. पाट्याचे पोलाद ८५० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापवून तेलात बुडवतात, मग पुन्हा बेताच्या आचेवर शेकून काढतात. तेव्हा कुठे त्यात वाकून परत येण्याचा गुण उतरतो. वेल्डिंगच्या आगीत तो गुण जळून जातो आणि पाटा सांध्याच्या शेजारीच पुन्हा तुटतो.

मग त्यांनी मुख्य पाटा घासूनपुसून डिझेलमध्ये ठेवला. थोड्या वेळाने तो काढून कोरडा केला आणि माझ्याकडे वळून विचारले, "सर, खडू आहे का?" प्राध्यापकाच्या पिशवीत दुसरे काय असणार? मिस्त्रींनी पाट्यावर खडू फासला आणि हातोडीने दोन-चार हलके ठोके दिले. तड्यात शिरलेले तेल बाहेर येऊन पांढऱ्यावर ओल उमटवते. रेल्वेच्या कारखान्यांत एकोणिसाव्या शतकापासून याच रीतीने लोखंडातले तडे शोधीत असत. आम्ही तिघे वाकून पाहत होतो. सेंटर बोल्टच्या भोकापासून केसाएवढी एक काळी रेघ हळूहळू स्पष्ट झाली. काळ्यावर पांढरे लिहिण्यात माझा जन्म गेला. पांढऱ्यावरचे ते काळे अक्षर मला वाचवेना.

"हा तुटला असता तर?" मी विचारले.

"एक्सलला धरून ठेवणारा हाच. ओढ्यात तुटला तर गाडी तिथंच बसली. उतारावर तुटला तर चाक जाईल तिकडं गाडी."

दादा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत होता. वडील गेले तेव्हा तो अकरावीत होता. त्याने पुस्तके मिटली आणि नांगर धरला. मी पुण्यात शिकत राहिलो, एम. ए. झालो, म्हशी किती विकल्या, कर्ज किती झाले, हे मला कधी कळले नाही. कळू दिले नाही.

मिस्त्रींनी दोन्ही बाजूंचे पाटे नवे घालायला सांगितले. "उजवा तर धड आहे की," दादा कुरकुरला. "एकीकडे नवा, एकीकडे दमलेला, मग गाडी उजवीकडं कलेल, मालक." एकदा ताणलेले यू बोल्ट पुन्हा नीट धरीत नाहीत, म्हणून तेही नवे आले. रबरी बुशांचे बोल्ट मात्र त्यांनी अखेरपर्यंत सैल ठेवले. अधांतरी आवळले तर ट्रक खाली टेकताना रबर पिळवटते आणि लवकर फाटते. "आधी पायांवर उभी राहू दे," असे म्हणून घोडी काढल्यावरच त्यांनी शेवटचा आटा दिला आणि ५०० किलोमीटर झाले की पुन्हा आवळून न्यायला बजावले.

भाद्रपदात एका रात्री मुसळधार पावसात ट्रक वाडीतून निघाला. ओढा ओलांडून भोरला पोचला. पहाटे मुलगी झाली. दादाने फोनवर मला दोनच गोष्टी सांगितल्या: बाळबाळंतीण सुखरूप आहेत आणि पाट्याने कुरकुर केली नाही.

आता दर महिन्याच्या एक तारखेला वहिनी शिलाई यंत्राच्या खणातली टेप काढतात, दादाला दोन्ही चाकांशी माप घ्यायला लावतात आणि कॅलेंडरच्या पाठीवर आकडे लिहून ठेवतात. दिवाळीला मी गेलो तेव्हा शेवटचे दोन्ही आकडे वीसच्या घरात, सारखे होते. मी कौतुक केले. वहिनी टेप गुंडाळीत म्हणाल्या, "गाडीचं झालं, भावोजी. तुमच्या दादांचं माप कोण घेणार? जिना उतरताना डावीकडे कलतात."

दादाने अंगणाकडे पाहिले. पण या वेळी त्याने अंगणाला दोष दिला नाही. भाऊबीज झाल्यावर तो माझ्याबरोबर पुण्याला आला आणि मुकाट्याने हाडांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर लावून बसला.